निळ्या काचेचा हिरवा दिवा

सहा वर्षांपूर्वी कामशेतला भंगाराच्या एका दुकानात मला एक गोल काच मिळाली. वीतभर व्यासाची, किंचित फुगीर, एका कडेला टवका उडालेला. तिच्यासोबत लोखंडी चौकटीचा एक तुकडा होता, त्यावरून ती रेल्वेच्या जुन्या, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलची असावी एवढे कळत होते. वजनावर भाव ठरला. दुकानदार म्हणाला, "निळी काच हाय, शोभेला लावा."

घरी आणून मी ती धुतली, खिडकीत उन्हात धरली आणि बायकोला रंग विचारला. ती म्हणाली, "निळा. थोडा मोरपंखी." खात्री करावी म्हणून रात्री मोबाइलचा टॉर्च काचेमागे धरून पुन्हा विचारले. उत्तर तेच आले, निळाच. सिग्नलला लाल आणि हिरवी काच असते हे शाळकरी पोरालाही माहीत असते, निळी कशाला? मी बरीच डोकेफोड केली आणि शेवटी स्वतःच एक उत्तर तयार केले, की ही शंटिंगच्या सिग्नलची काच असणार. पुरावा काही नव्हता. पण गावच्या एका शाळेने जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले तेव्हा मी ती काच दिली आणि खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली : 'निळी काच, शंटिंगसाठी.' पुढे एका छोट्या लेखातही तसेच लिहिले. छापून आलेली चूक किती लवकर पुरावा होते ते तेव्हा कळले. एका तरुण अभ्यासकाने माझाच आधार देऊन तेच वाक्य दुसरीकडे लिहिले.

ही चूक दुरुस्त करणे हे या लेखाचे पहिले कारण. दुसरे कारण जरा खासगी आहे, ते ओघात येईल.

प्रदर्शनातली चिठ्ठी वाचून एके दिवशी दिवेलागणीला ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ घरी आले. सिग्नल खलाशी म्हणून नोकरी केलेले, वेगवेगळ्या स्टेशनांवर आयुष्य गेलेले. हातात चक्क पेटता कंदील. चहा नको म्हणाले.

"ती काच शंटिंगची, असं तुम्हीच लिवलंय ना?"

"हो बाबा."

"मग घरातला दिवा बंद करा. आन् काच आना."

त्यांनी कंदील ओसरीच्या कठड्यावर ठेवला, वात थोडी मोठी केली आणि मला काच धरायला लावून स्वतः बायकोला घेऊन अंगणाच्या टोकाला गेले. तिथून बायकोचा आवाज आला, "अहो, हा तर हिरवा आहे!"

"नुस्ती काच बगून रंग सांगायचा नसतो," परत येता येता बाबा म्हणाले. "काचंला तिचा दिवा दाखवायचा."

संशोधनाची पद्धत म्हणून याहून मोलाचे वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

मग समजून घ्यायला बसलो. कारण साधे आहे, पण आपल्या रोजच्या समजुतीच्या उलट आहे. रंगीत काच प्रकाशाला रंग देते असे आपण धरून चालतो. ती देत काहीच नाही, ती अडवते. पांढऱ्या उजेडात जे सगळे रंग मिसळलेले असतात त्यांतले काही ती गिळते आणि उरलेले पुढे सोडते. म्हणजे काचेतून काय बाहेर येईल हे काचेइतकेच मागच्या दिव्यावर अवलंबून असते. जे दिव्यातच नाही ते काच कुठून आणणार? रॉकेलच्या ज्योतीत लाल आणि पिवळा भरपूर असतो, हिरवा बेताचा आणि निळा जवळजवळ नाहीच. अशा ज्योतीपुढे सोडावॉटरच्या बाटलीसारखी साधी हिरवी काच धरली तर हिरव्याबरोबर पिवळाही मोठ्या प्रमाणात पार होतो आणि लांबून दिवा मळकट पिवळा दिसतो. ड्रायव्हरला तो उघडा दिवा वाटू शकतो. तेव्हा काच अशी हवी की लाल आणि पिवळ्याला तिने नेटाने अडवावे. अशी काच निळ्याला मात्र मोकळी वाट देते. रॉकेलच्या दिव्यापुढे त्याने बिघडत नाही, कारण तिथे निळा नाहीच. उरतो तो स्वच्छ हिरवा. पण तीच काच उन्हात धरली की उन्हातला सगळा निळा तिच्यातून येतो आणि काच निळी दिसते. माझ्या मोबाइलच्या टॉर्चमध्ये एलईडी होता. त्याच्या पांढऱ्या उजेडात तर निळ्याचा भरणा मोठा. मी पडताळणी केली होती खरी, पण चुकीच्या उजेडात.

सिग्नलची रचना आता पाहिलेल्यांची संख्या कमी होत चालली, म्हणून चार ओळी. खांबावर दिवा एकच आणि तोही जागचा हलत नाही. हलतो तो लाकडी किंवा पत्र्याचा हात. हाताच्या बुडाशी लोखंडी चौकट, चष्म्यासारखी, तिच्यात दोन काचा. हात आडवा असला की लाल काच दिव्यापुढे, हात खाली झुकला की दुसरी. आपल्याकडे 'सिग्नल पडला' म्हणजे गाडीला वाट मिळाली असे अजून म्हणतात ते या झुकणाऱ्या हातामुळे. आताच्या विजेच्या सिग्नलात पडायला काही उरलेले नाही, पण शब्द तसाच आहे. दिवसा हात पाहायचा, रात्री दिवा. रंगाचा सगळा कारभार रात्रीचा. रोज संध्याकाळी कोणीतरी शिडीने वर चढून रॉकेल भरायचे, वात कातरायची, काजळी पुसायची. काजळी धरली की लाल अधिक काळपट आणि हिरवा जवळजवळ नाहीसा होतो, कारण हिरव्या काचेत ज्योतीचा बराचसा उजेड आधीच मेलेला असतो.

या रंगांचा अर्थही सुरुवातीपासून आजच्यासारखा नव्हता. १८४१ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रेल्वे व्यवस्थापकांची बैठक झाली आणि तिथे लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधान आणि पांढरा म्हणजे रस्ता साफ असे ठरले. हा वारसा घेऊनच रेल्वे बांधणारे इंग्रज इंजिनिअर आपल्याकडे आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खंडाळा ते पुणे ही लाइन १४ जून १८५८ रोजी सुरू झाली, म्हणजे बोरघाटाचे काम पुरे होण्याच्या पाच वर्षे आधी. घाट खुला झाला तो २१ एप्रिल १८६३ला. तोवर मावळातून जाणारी गाडी एका अर्थी लोंबकळती होती. खंडाळ्याला उतरायचे, पालखीने किंवा पायी घाट ओलांडायचा आणि खाली पुन्हा गाडी धरायची. घाटाचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलकडे होते. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला आणि त्याची बायको अॅलिस हिने काम पूर्णत्वाला नेले. याचा रंगाशी संबंध नाही, पण मावळातल्या माणसाने तिचे नाव घेतल्याशिवाय घाटाबद्दल लिहू नये असे मला वाटते.

पांढऱ्याचा मुख्य दोष असा की तो बिघाडाची बाजू घेतो. लाल काच फुटून पडली तर मागचा दिवा उघडा पडतो, आणि उघडा दिवा म्हणजे पांढरा, म्हणजे रस्ता साफ. धोका सांगणारी वस्तू मोडली की ती 'धोका नाही' असे सांगू लागते. शिवाय रुळांच्या आसपास घरे, दुकाने, रस्त्यावरचे दिवे वाढत चालले. यातला सिग्नल कुठला हे ओळखणे कठीण झाले. १८९०च्या दशकात ब्रिटनमध्ये पांढरा मागे पडला आणि हिरवा 'सावधान'वरून 'रस्ता साफ'वर बढती पावला. पिवळा त्या जागी नंतर आला. उशीर होणे साहजिक होते, कारण ज्योत मुळातच पिवळी. पिवळी काच तिच्यापुढे लावली तर ती लाल नाही आणि उघडाही दिवा नाही हे अंधारात सांगणार कोण?

हिरव्यावर सगळी भिस्त आल्यावर काचेचा दर्जा हा जिवाचा प्रश्न झाला. एका कारखान्याचा हिरवा दुसऱ्याच्या हिरव्यासारखा नसे. अमेरिकेत कॉर्निंग या काचकारखान्यात विल्यम चर्चिल यांनी यावर काम केले आणि १९०८ साली तिथल्या रेल्वे सिग्नल असोसिएशनने काचेच्या रंगांची प्रमाणे स्वीकारली : लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि एक सहावा, ज्याला ते 'चांद्र पांढरा' म्हणत. हा सहावा मला फार आवडतो. ती काच हातात घेतली तर फिकट निळी. तेलाच्या ज्योतीपुढे धरली की ज्योतीचा पिवळेपणा कापून चांदण्यासारखा पांढरा उजेड देते. पांढरा दिवा दिसावा म्हणून निळी काच!

आणि १९०८ हेच साल आमच्या मावळातल्या काचेचेही आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला तो त्याच वर्षी. टिळकांचा या उपक्रमाला पाठिंबा होता. पहिले तज्ज्ञ ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये काचकाम आणि पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत शिकून आलेले. स्वदेशी काचकारखान्यांची पहिली लढाई रंग आणण्याची नव्हती, रंग घालवण्याची होती. वाळूत लोखंडाचा अंश असतो आणि त्याने काच हिरवट होते. दिव्याच्या चिमणीला हिरवट काच कोण घेणार? यावरचा जुना उपाय म्हणजे वितळलेल्या काचेत चिमूटभर मॅंगनीज टाकणे. मॅंगनीज काचेला जांभळट करते. जांभळा आणि हिरवा एकमेकांना मारतात आणि डोळ्याला काच बिनरंगी दिसते. म्हणजे नितळ काच ही बऱ्याचदा दोनदा रंगवलेली काच असते. पुढे कऱ्हाडजवळ ओगल्यांनी कारखाना काढला आणि प्रभाकर कंदील घरोघर पोचला. बाबा त्या संध्याकाळी घेऊन आले तो कंदीलही प्रभाकरच होता.

आता ती खासगी गोष्ट. वाचकांच्या लक्षात आले असेल की मी प्रत्येक वेळी रंग बायकोला विचारत होतो. त्या संध्याकाळी बाबांनी काच तिच्या हातात देऊन मला अंगणात नेले आणि विचारले, "तुमाला काय दिसतंय?" मी खरे ते सांगितले : पांढरा. किंचित विझू लागलेला, पण पांढरा.

मी रंगांध आहे. एकविसाव्या वर्षी नोकरीच्या एका वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांचे पुस्तक समोर ठेवले गेले आणि ज्या पानावर आकडा असतो म्हणतात तिथे मला ठिपकेच दिसले. डॉक्टरांनी चुकीचे काही केले नाही. जी नोकरी होती तीत रंग ओळखणे गरजेचे होते. पण बाहेर आल्यावर वडिलांना काय सांगावे हे मला कळत नव्हते, कारण माझ्या दृष्टीने मला सगळे नीट दिसत होते. ते गेले तरी त्यांची समजूत कायम राहिली की मी त्या दिवशी घाबरलो होतो.

खरे तर त्याच्या आधीच घरात कळायला हवे होते. आमच्याकडे गौरी तेरड्याच्या. भाद्रपदात रानातून तेरड्याची रोपे यायची, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन, ओसरीत पडलेला ढीग पाहून म्हणालो, "किती निळी फुलं!" आई हसली, म्हणाली गुलाबी आहेत. रात्री वीज गेली, कंदील लागला, आणि तीच फुले पाहून मी म्हणालो, "आता लाल झाली." तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपल्याकडे आहे, माझ्या तेरड्याचा तर एक दिवसही टिकला नाही, यावरून घरात पुढे कितीतरी वर्षे माझी चेष्टा होत असे.

चाळिशीत मी जॉन डाल्टनबद्दल वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. अणुसिद्धान्तवाला हाच तो डाल्टन. १७९२ साली त्याने जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा आकाशी दिसणारे ते फूल रात्री त्याला लालसर दिसले. भोवतालच्या मित्रांना मात्र दिवसा-रात्री विशेष फरक वाटेना. फक्त त्याच्या भावाला त्याच्यासारखेच दिसले. त्यावरून त्याने ताडले की आपले डोळे इतरांसारखे नाहीत, आणि १७९४ साली मॅंचेस्टरला निबंध वाचला. रंगांधत्वाचे हे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन. गुलाबी फुलात लाल आणि निळा दोन्ही असतात. ज्याला लालाची जाणीव मंद त्याला दिवसा निळाच उठून दिसतो; मेणबत्तीत निळा नसतो म्हणून लालाचा वाटा वर येतो. ओसरीतला ढीग, गेलेली वीज, कंदील, सगळे तेच. इंग्लंडमधल्या शहाण्या माणसाने निबंध लिहिला आणि मावळातल्या पोराने मार खाता खाता वाचवला, एवढाच काय तो फरक.

डाल्टनने कारण मात्र चुकीचे दिले. त्याला वाटले, आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असला पाहिजे, म्हणजे निसर्गाने डोळ्यात निळी काच बसवली आहे आणि ती लाल अडवते. आपल्या मृत्यूनंतर डोळे तपासावेत असे त्याने सांगून ठेवले. १८४४ साली तो वारला, डॉक्टर रॅन्सम यांनी डोळा उघडून पाहिला. द्रव पाण्यासारखा स्वच्छ होता. ते डोळे जपून ठेवले गेले आणि दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्यांतल्या पेशींच्या डीएनएवरून उलगडा झाला : हिरव्याला जास्त प्रतिसाद देणारे रंगद्रव्य त्याच्या दृष्टिपटलात नव्हतेच. दोष काचेत नव्हता, पडद्यात होता. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्याची काही ना काही अडचण असते, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. माझे आईचे वडील टोमॅटो पिकला की नाही हे दाबून पाहत. बाजारात टोमॅटोवाले लाल ताडपत्रीखाली बसतात, कारण तिच्यातून गाळलेल्या लाल उजेडात अर्धकच्चाही लालबुंद दिसतो, आणि जाणत्या बायका एक टोमॅटो उचलून उन्हात नेऊन पाहतात. आजोबांना ताडपत्रीने कधी फसवले नाही.

रेल्वेने रंगांधांना वेगळे काढायला सुरुवात केली ती स्वीडनमधल्या एका अपघातानंतर. नोव्हेंबर १८७५मध्ये लागेरलुंडा येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसे गेली. उप्साला विद्यापीठातले प्राध्यापक होल्मग्रेन यांनी मांडले की सिग्नलचा रंग न कळल्याने हे झाले असावे, आणि लोकरीच्या रंगीत लडी जुळवायची परीक्षा रेल्वेत लागू करवली. अपघाताचे खरे कारण तेच होते का, यावर अलीकडच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतली आहे. परीक्षा मात्र जगभर पसरली. इंग्लंडमध्ये एड्रिज-ग्रीन नावाचे डॉक्टर तिच्याविरुद्ध हिरिरीने लढले. त्यांचे म्हणणे असे की ड्रायव्हरला लोकर ओळखायची नसते, अंधारातला दिवा ओळखायचा असतो. त्यांनी स्वतःचा कंदील बनवला. रंगीत काचा तर त्यात होत्याच, शिवाय वेगळ्या काचा : धुक्यासाठी घासलेली, पावसासाठी पन्हाळीदार. आमच्या घाटात श्रावणात जो उभा राहिला असेल त्याला या काचांचे मोल सांगायला नको. आणि धुके फारच दाटले की रेल्वे रंगाचा नाद सोडून देते. रुळावर फटाके ठेवतात, चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर कानाने सिग्नल 'पाहतो'. एड्रिज-ग्रीन यांचा कंदील भारतीय रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत पुढे कितीतरी वर्षे राहिला. मला जे पुस्तक दाखवले गेले ते मात्र जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांचे, १९१७ सालचे.

ते पुस्तक मी पुन्हा पाहिले ते गेल्या दिवाळीत. मुलगी आकाशकंदील करत होती, जमिनीवर जिलेटिनचे रंगीत कागद पसरले होते. तिच्या ओळखीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मी ते पुस्तक या लेखासाठीच मागून आणले होते. लाल जिलेटिनचा तुकडा सहज डोळ्यांपुढे धरला आणि पान उघडले. ठिपके होते तेच. पण त्यांतले काही उजळ झाले, काही काळवंडले, आणि मधोमध ९७ हा आकडा उभा राहिला. मी मुलीला विचारले, "सत्त्याण्णव?" ती म्हणाली, "हो बाबा, सत्त्याण्णव." कागद बाजूला केला, आकडा गेला. पुन्हा धरला, पुन्हा आला. यात जादू नाही. लाल कागद हिरवट ठिपक्यांचा उजेड अडवतो आणि तांबूस ठिपक्यांचा जाऊ देतो. रंगातला फरक मला दिसत नाही, पण तो उजेड-अंधाराच्या फरकात बदलला की दिसतो. त्याने डोळा सुधारत नाही आणि परीक्षेत असे करणे फसवणूक ठरेल, हेही सांगून ठेवतो. ही परीक्षा दिवसाच्या उजेडातच घ्यावी असा नियम असतो तो याच जातीच्या कारणाने; पिवळ्या बल्बखाली आमच्यातल्या काहींचे गुण वाढतात. तरी मी तो तुकडा जपून ठेवला आहे. वडील असते तर त्यांना दाखवला असता.

एकदा बाबांचे वाक्य डोक्यात बसल्यावर इतरही गोष्टी त्यांच्या दिव्यात पाहाव्याशा वाटू लागल्या. कामशेतच्या अलीकडचे स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून १८९९ साली मळवलीला आला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला आणि १९७२ साली आगीत त्याचा मोठा भाग जळाला. तिथल्या छापील लक्ष्मी-सरस्वती ज्या देवघरांत लागल्या तिथे वीज नव्हती. हे शिळाछापही एक प्रकारे काचकामच. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, शाई पातळ. उजेड शाईतून कागदापर्यंत जातो, परततो आणि पुन्हा शाईतून बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. आमच्या घरातली जुनी लक्ष्मी मी ट्यूबलाइटखाली आयुष्यभर पाहिली होती. समईपुढे ठेवून पाहिली, बायकोला शेजारी बसवून. मागचे आकाश आणि पाणी विझून काळोखात गेले, अंगकांती, सोने आणि लुगड्याचे काठ पुढे आले. बायको म्हणाली, मूर्ती कोनाड्यात ठेवल्यासारखी वाटते. छापणाऱ्यांनी हे धरूनच रंग निवडले असे मी म्हणत नाही. एकदा पुराव्याशिवाय चिठ्ठी लावून झाली आहे. पण त्या चित्रांना भडक म्हणणाऱ्यांनी ती कुठल्या उजेडात पाहिली, हे विचारायला हरकत नाही.

उलट बाजूही आहे. महामार्गावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांच्याखाली लाल गाडी तपकिरी आणि निळी गाडी काळी दिसायची. रात्री ढाब्याबाहेर लोक स्वतःची गाडी शोधत फिरत. त्या उजेडात सगळेच थोडेफार माझ्यासारखे होत असत. आता तिथेही एलईडी आले.

सिग्नलातही तेच झाले. आपल्या देशात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल पहिल्यांदा लागले ते १९२८ साली, मुंबईत व्हीटी ते भायखळा. पुण्यापर्यंत विजेची इंजिने १९२९-३०मध्ये धावू लागली. पण इंजिन विजेचे झाले म्हणून देशभरच्या खांबांवरचे रॉकेल लगेच आटले नाही. ती दुनिया पुढे कितीतरी दशके टिकली. विजेच्या बल्बचा उजेड ज्योतीपेक्षा पांढरा, त्याला काच वेगळी लागली. एलईडीला तर काचेने गाळायची गरजच नाही, तो मुळातच हवा तो रंग घेऊन येतो. तरी गंमत अशी की आजच्या सिग्नलचा हिरवाही, रेल्वेचा असो की चौकातला, निळ्याकडे झुकलेलाच ठेवतात. ज्योत गेली, झुकाव राहिला. याचे एक कारण आमच्यासारखी माणसे. पिवळट हिरवा आम्हाला लाल-पिवळ्यात मिसळल्यासारखा वाटतो. निळसर हिरवा वेगळा पडतो. जपानी लोक तर चौकातल्या हिरव्या दिव्याला सर्रास निळाच म्हणतात. मला तो पांढरा दिसतो, बर्मिंगहॅमच्या बैठकीत ठरला होता तसा, आणि स्कूटर चालवताना माझे त्यावाचून कधी अडलेले नाही.

शाळेतली चिठ्ठी मी बदलली आहे. आता तिच्यावर 'हिरवी काच, रॉकेलच्या दिव्यासाठी' असे लिहिले आहे. मुले काच पाहतात, चिठ्ठी वाचतात आणि गुरुजींना सांगतात की चिठ्ठी चुकली. म्हणून शेजारी एक कंदील ठेवायचे ठरले. कंदील मिळाला, वातही मिळाली. रॉकेल मात्र कुठे मिळेना, रेशनवरही नाही. शेवटी बाबांनीच सुचवले की समई चालेल, तेलाची ज्योतही तशीच पिवळी. गेल्या महिन्यापासून शनिवारी शाळा सुटायच्या आधी वर्गाच्या खिडक्या लावून घेतात, गुरुजी समई पेटवतात आणि एक मुलगा काच धरून उभा राहतो.

काच जड आहे, म्हणून आळीपाळीने धरतात.